काचेसारखी साखर, आत स्ट्रॉबेरी: घरच्या गॅसवर थांगहुलू

थांगहुलू म्हणजे काडीला ओवलेल्या फळांवर साखरेचा कडक पापुद्रा चढवलेला चिनी खाऊ. संक्रांतीचा हलवा आणि थांगहुलू, दोन्हींचा जीव साखर आणि पाणी एवढाच. पण रीत बरोबर उलट. हलव्यात पाक थोडाथोडा सोडत, दाणे हाताने सतत हलवत साखरेला काटा आणायचा असतो. थांगहुलूत काटा येऊच द्यायचा नाही. पाक ढवळायचा नाही, त्यात साखरेचा कोरडा कण पडू द्यायचा नाही आणि पाणी जवळजवळ सगळं उडेपर्यंत तो उकळायचा. मग फळावर पारदर्शक पापुद्रा बसतो आणि दाताखाली कट्टकन फुटतो.

घरी केलेलं थांगहुलू बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा कुठेतरी पाणी राहून गेलेलं असतं: पाकात, फळावर, नाहीतर हवेत. पुढची सगळी खटपट त्या पाण्याला लांब ठेवण्याची आहे.

चिनी भाषेत ‘थांग’ म्हणजे साखर आणि ‘हूलू’ म्हणजे तुंबा. खाली मोठं आणि वर लहान अशी दोन फळं काडीला लावली की तुंब्यासारखी दिसतात, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. हा उत्तर चीनचा, बेइजिंगच्या हिवाळ्यातला रस्त्यावरचा खाऊ. मूळ फळ शान्झा: लहान, लालभडक, आंबट, पिठूळ गराचं. फेरीवाले काठीच्या टोकाला पेंढ्याचा जाड गुंडा बांधून त्यात या काड्या खोचून हिंडतात, जसे आपल्या जत्रेत पिपाण्या आणि भिरभिरी विकणारे फिरतात. तिकडचा हिवाळा गोठवणारा आणि कोरडा, त्यामुळे साखर बराच वेळ कडक राहते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून महिना, दिवसाची वेळ आणि फळ या तिन्हींची निवड नीट करावी लागते.

कधी करायचं आणि कोणतं फळ घ्यायचं

सातारा-सांगली भागात डिसेंबर ते मार्च हा योग्य काळ. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, वाईकडची स्ट्रॉबेरी तेव्हा भरात असते, आणि जानेवारीपासून तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळची द्राक्षं येतात. दोन्ही फळं ताजी, घट्ट सालीची आणि वाहतुकीत फारशी न दबलेली मिळणं हे या खाऊसाठी मोठंच भाग्य आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण थांगहुलूसाठी नावापेक्षा फळ किती टणक आहे ते बघा.

दिवसाची वेळ दुपारी दोन ते पाच. हिवाळ्यात सकाळी कृष्णाकाठी धुकं असतं, हवेत दमटपणा असतो. तीच हवा दुपारी कोरडी होते. सकाळी केलेली साखर अर्ध्या तासात चिकट होते आणि दुपारी केलेली टिकते, याचं कारण एवढंच. त्याच वेळी शेजारच्या शेगडीवर कुकर लावू नका, चहाचं आधणही ठेवू नका. त्या वाफेतलं पाणी साखर ओढून घेते. जून ते सप्टेंबर या वाटेला जाऊ नका. महाबळेश्वरात तर तेव्हा कपडे वाळत नाहीत, साखर कुठून कोरडी राहणार?

स्ट्रॉबेरी मध्यम आकाराची, पूर्ण लाल पण बोटाने दाबल्यावर न खचणारी घ्या. डबी उलटी करून खालची फळं बघा. तळाशी रस लागलेला असेल तर ती डबी मिल्कशेकसाठी ठीक, इथे नको. द्राक्षांत लांबट सोनाका काडीला छान ओवलं जातं. थॉम्पसन, तास-ए-गणेश चालतात. काळं शरद सीडलेस साखरेखाली फार देखणं दिसतं. किंचित आंबूस द्राक्ष निवडा, कारण वरून सगळी साखरच आहे. अगदी गोड द्राक्षाचं थांगहुलू दुसऱ्या घासाला नकोसं होतं.

मात्र शान्झाला आपल्याकडचं सगळ्यात जवळचं फळ बोर. आंबट, पिठूळ, रस कमी. रस कमी म्हणून साखर आतून पाझरत नाही, आणि स्ट्रॉबेरीचा पापुद्रा लोंबायला लागतो तेव्हा बोराचा अजून कडक असतो. बोरन्हाणाच्या दिवसांत बोरं घरात असतातच. गावरान बोर अख्खंच ओवायचं, पण आठी असल्याने ते मोठ्यांनीच खावं. अॅपल बोर असेल तर आठीच्या दोन्ही बाजूंनी जाड फोडी काढा, कापडाने टिपा आणि कापलेली बाजू वर ठेवून अर्धा तास पंख्याखाली वाळवा.

संत्र्याच्या फोडीही छान होतात, फक्त वरची पातळ साल कुठेही फाटलेली नको. आधी शिरा काढून फोडी तासभर उघड्या ठेवा. कापलेला अननस, किवी, कलिंगड, आंब्याच्या फोडी यांचा नाद सोडा. कापलेल्या बाजूने रस येतच राहतो आणि पापुद्रा पाच मिनिटांत पाणी होतो.

फळाची तयारी

हे काम पाक चढवण्याच्या दोन तास आधी. फ्रीजमधलं फळ बाहेर काढून तासभर तरी ठेवा. गार फळावर हवेतलं दव जमतं आणि ते डोळ्याला दिसत नाही, पण साखर त्यावर बसत नाही.

द्राक्षं घडातून ओढून तोडू नका. ओढलं की देठाजवळ भोक पडतं आणि तिथून रस येतो. कात्रीने देठाचा छोटा तुकडा ठेवून कापा, कोमट पाण्यात चोळून धुवा. सालीवरची पांढुरकी मेणासारखी लव राहिली तर पाक त्यावरून घसरतो. ओवायच्या वेळी देठ काढा आणि काडी नेमकी त्याच भोकातून घाला, म्हणजे फळाला दुसरं भोक पडत नाही. स्ट्रॉबेरी पाण्यात भिजत ठेवायची नाही. वाहत्या पाण्याखाली भरभर धुवा, हिरवी पानं चाकूने न कापता हाताने पिळून काढा. चाकू लावला की गर उघडा पडतो. पानं ठेवली तरी बिघडत नाही, फक्त पाकात बुडवताना ती वर राहतील असं बघा.

धुतल्यावर सुती पंचावर पसरा, एकेक फळ टिपा आणि पंख्याखाली किमान एक तास राहू द्या. शेवटी कोरड्या टिश्यूने प्रत्येक फळ पुन्हा पुसा. टिश्यूवर ओला डाग उमटला तर अजून थांबा. इथली घाई पुढे कशानेच भरून निघत नाही.

काड्या बांबूच्या, सहा इंची. कबाबच्या काड्या पाण्यात भिजवतात तशा या भिजवायच्या नाहीत. एका काडीवर दोन स्ट्रॉबेरी किंवा चार द्राक्षं पुरेत. काडीचं टोक शेवटच्या फळाबाहेर येऊ देऊ नका, कारण तिथून रस वाहतो आणि खाताना टोचतं. दोन फळं एकमेकांना चिकटून ठेवा. मध्ये फट राहिली की तिथे पाकाचा जाड गोळा साठतो, जो चावताना दाढेला लागतो.

भांडं आणि प्रमाण

साखर ४०० ग्रॅम, पाणी २०० मिली, लिंबाचा रस पाव चमचा. एवढ्यात बारा-चौदा काड्या होतात आणि पाक थोडा उरतो. तो उरणारच. काड्या कमी असल्या तरी साखर कमी करू नका, कारण फळ बुडायला पाकाची खोली लागते आणि थोडा पाक क्षणात करपतो.

लिंबाचं काम चवीचं नाही. आंबटपणामुळे थोडी साखर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं आणि उरलेल्या साखरेला दाणे धरायला अडचण होते. पण जास्त लिंबू घातलं तर तीच तुटलेली साखर हवेतलं पाणी शोषते आणि पापुद्रा चिकट होतो, म्हणून पाव चमच्याच्या पुढे जाऊ नका. केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. ते एक मोठा चमचा घातलं तर लिंबू नको, आणि पाक साखरण्याची भीती बरीच कमी होते. पहिल्यांदा करणाऱ्याने तेच घ्यावं.

साखर एस-३० असो की जाड एम-३०, चालते. जाडीला विरघळायला दोन मिनिटं जास्त. नेहमीच्या साखरेचा पाक किंचित पिवळट दिसतो. अगदी काचेसारखा हवा असेल तर सल्फर-फ्री रिफाइंड साखर आणा. पाकातली मळी काढायला आपण चमचाभर दूध घालतो, ते इथे करू नका. दुधाचे कण एवढ्या उष्णतेला तपकिरी होतात. साखर विरघळली की पाक मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या, तेवढं पुरतं.

गुळाबद्दल पुष्कळ जण विचारतात, आणि या भागात चांगला गूळ मिळत असल्याने विचारणं साहजिक आहे. पण गुळात तुटलेली साखर आधीच भरपूर असते, त्यामुळे तो हवेतलं पाणी चटकन ओढतो. स्ट्रॉबेरीवर गूळ टिकत नाही. बोरांवर कडक पाकाचा गूळ चिक्कीसारखा लागतो, चवही सुंदर येते, पण काचेची चमक येत नाही आणि लगेच खावं लागतं.

भांडं जाड बुडाचं, स्टीलचं, अरुंद आणि खोल हवं. पाच-सहा इंच रुंदीचं सॉसपॅन उत्तम. कढईत पाक पसरतो आणि कडेने करपतो. काळं नॉनस्टिक नको, त्यात पाकाचा रंग कळत नाही.

ओट्याचा ग्रॅनाइट या कामाला फार चांगला. एक हातभर जागा स्वच्छ आणि कोरडी करून वासाचं नसलेलं रिफाइंड तेल बोटाने पुसटसं फिरवा. ओटा नसेल तर स्टीलचं ताट उलटं करून त्याला तेल लावा. बाजारातल्या साध्या बटर पेपरला साखर चिकटून बसते, त्यालाही तेल लावावंच लागतं. शेजारी थंड पाण्याची वाटी ठेवा, पाकाची परीक्षा तिच्यात होईल.

पाक

साखर, पाणी, लिंबू एकत्र करून मंद आचेवर ठेवा. साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळायला परवानगी आहे. बोटांत थेंब चोळून बघा, रवा लागायला नको. मग चमचा बाहेर, आणि तो परत आत जाणार नाही. उकळी फुटली की दोन मिनिटं झाकण ठेवा. झाकणाखालची वाफ भांड्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण धुऊन खाली आणते. तरीही कडेला दाणे दिसले तर ओल्या ब्रशने पुसून घ्या. कडेचा एक दाणा पाकात पडला की त्याच्याभोवती दुसरा, तिसरा जमतो आणि बघता बघता सगळा पाक पांढरा, रवाळ होतो.

झाकण काढून मध्यम आच. इथून साधारण बारा ते पंधरा मिनिटं लागतात. आधी बुडबुडे मोठे, पातळ आणि पटापट फुटणारे असतात. एकतारी, दोनतारी हे सगळे टप्पे लवकर मागे पडतात. पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी होते तो गोळीबंद पाक, सुमारे ११५ अंश. त्यानंतर बुडबुडे लहान, दाट आणि आळसट होतात. १३५ ते १४० ला थेंब पाण्यात कडक होतो, पण वाकवला तर वाकतो आणि दाताला चिकटतो. घरोघरी चूक होते ती इथेच: कडक झाला म्हणून गॅस बंद केला जातो. अजून थांबायचं. आच मात्र कमी करा, कारण १४० नंतर तापमान भराभर चढतं.

खरा टप्पा १५० अंशांचा. थेंब पाण्यात टाकला की चर्र आवाज येतो, बाहेर काढून वाकवला तर न वाकता कट्टकन तुटतो आणि चावला तर दाताला अजिबात चिकटत नाही. पाकाचा रंग फिकट गवती. परीक्षा घेताना दर वेळी आच अगदी बारीक करा, नाहीतर थेंब तपासेपर्यंत पाक पुढे निघून जातो. १६० च्या पुढे तो कॅरॅमल होऊ लागतो, कडवट होतो.

थर्मामीटर असेल तर आधी साध्या पाण्याला उकळी आणून त्यात बुडवा. उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. सांगली सुमारे ५५० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वर १,३७० मीटरच्या घरात, तिथे ९५-९६ ला. थर्मामीटर १०० पेक्षा जितका कमी दाखवेल तितके अंश १५० मधून वजा करा. म्हणजे सांगलीत १४८ आणि महाबळेश्वरात १४५-१४६ ला पाक तयार. सातारा शहर सांगलीपेक्षा थोडं उंच, तिथे सांगलीपेक्षा अर्धा-एक अंश कमी. डोंगरावर १५० च्या आकड्यासाठी अडून बसलात तर पाक पिवळा पडेल. या चाचणीत थर्मामीटरची स्वतःची चूकही सापडते.

पाक झाला की गॅस बंद करा आणि भांडं पाच सेकंद ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे आतल्या उष्णतेने तो आणखी शिजत नाही. बुडबुडे बसू द्या, अर्धा मिनिट पुरे. बुडबुडे असताना फळ बुडवलं तर तेच पापुद्र्यात अडकतात.

बुडवणं

आता हात चालला पाहिजे. भांडं तुमच्याकडे कलतं करा, पाक एका बाजूला जमेल. काडी आडवी धरून फळ पाकावरून एकदा गोल फिरवा. दोन सेकंद, जास्त नाही. पाकात ठेवून दिलं तर साल शिजते आणि आतून रस सुटतो. बाहेर काढून भांड्यावरच काडी गोल फिरवत जादा पाक गळू द्या. पापुद्रा कागदाइतका पातळ राहायला हवा. जाड पापुद्रा बघायला छान, पण दातांना वैरी, आणि त्याचे तुकडे टाळूला कापतात.

काडी तेल लावलेल्या ग्रॅनाइटवर हलकेच आपटून आडवी ठेवा. आपटल्याने फळाच्या टोकापुढे साखरेची पातळ पाकळी पसरते. चिनी फेरीवाले ती मुद्दाम काढतात, आणि मुलं आधी तीच खातात. पाकळी नको असेल तर काडी उभी खोचायला अर्धा दुधी भोपळा पालथा ठेवा. मिनिटभरात साखर कडक होऊन वाजते. उचलताना काडी सरळ ओढू नका, थोडी फिरवून सोडवा.

तीन-चार मिनिटांत पाक दाट होऊ लागतो. मग मंद आचेवर परत ठेवा. ढवळायचं नाही, भांडंच हलकं हिंदकळवा. दर वेळी गरम केला की रंग एक छटा गडद होतो, म्हणून देखणी फळं आधी बुडवा.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

दाताला चिकटतंय म्हणजे पाक कच्चा. बुडवलेल्या काड्यांचं आता काही होत नाही, उरलेला पाक आणखी तापवा. पाक पांढरा, रवाळ झाला म्हणजे तो साखरला: कुणीतरी ढवळला, नाहीतर कडेचे दाणे आत पडले. तो टाकू नका. १०० मिली पाणी घालून मंद आचेवर सगळं विरघळवा आणि पहिल्यापासून उकळा. पापुद्रा फळापासून सुटून सालपटासारखा निघतो किंवा मध्येच उघडी जागा राहते, तर फळ ओलं होतं, गार होतं किंवा द्राक्षाची लव निघाली नव्हती. पापुद्रा जाड आणि गाठीगाठीचा, तर पाक गार होत असताना तुम्ही बुडवत राहिलात.

पहिल्या अर्ध्या तासातच पाझर सुटला तर फळ पाहा, कुठेतरी साल फुटलेली असते. सगळ्याच काड्या एकदम चिकट झाल्या तर दोष हवेचा. त्या दिवशी दुसरं काही करा.

कोरड्या दुपारी स्ट्रॉबेरी तास-दीड तास, द्राक्षं तीन तास, बोरं त्याहून थोडी जास्त टिकतात. फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताक्षणी दव धरतं आणि साखर वाहू लागते. हळदीकुंकवाला किंवा वाढदिवसाला करायची असतील तर फळं सकाळी ओवून कोरडी ठेवा आणि पाक पाहुणे यायच्या वेळी चढवा.

भाजण्याबद्दल आणि मुलांबद्दल

१५० अंशांची साखर उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते, कारण ती कातडीला चिकटून राहते. मुलं ओट्यापासून लांब असावीत, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे असावेत. फळ पाकात टाकू नका, काडीनेच बुडवा. ओलं फळ पडलं तर पाक उडतो. हातावर पाक पडलाच तर साखर ओरबाडू नका. लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा, ती आपोआप विरघळते. हळद, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नका. मोठा फोड आला किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर भाजलं तर दवाखान्यात जा. हा पाक मायक्रोवेव्हमध्ये करू नका. त्यात तो न उकळताच प्रमाणाबाहेर तापतो आणि बाहेर काढताना उसळतो.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. त्याहून मोठ्या मुलांना देताना काडीचं टोक कात्रीने कापा आणि बसून खायला सांगा.

उरलेला पाक मोरीत ओतायचा नाही, पाइपमध्ये दगडासारखा बसतो. भाजून सोललेले वाटीभर शेंगदाणे त्यात टाका, तेल लावलेल्या ताटात पसरा आणि गरम असतानाच सुरीने रेघा पाडा. भांड्याला राहिलेली साखर घासत बसू नका. भांड्यात पाणी भरून पुन्हा गॅसवर ठेवा, उकळी आली की सगळी साखर सुटते. काड्यांना चिकटलेली साखर आणि पाकाचा चमचाही त्याच पाण्यात सोडा.